हजेरीची वही जपून ठेवा, पैसे अजून बुडालेले नाहीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

यात्रांचा सिझन सुरू झालाय आणि गोव्याला, कोल्हापूरला, पुण्याला बांधकामावर गेलेले आमच्या भागातले गवंडी, सेंट्रिंगवाले, बिगारी चार-आठ दिवसांसाठी गावी यायला लागलेत, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांचं छोटं सेंटर चालवते, उतारे काढून देणं, दाखल्यांचे अर्ज, बांधकाम कामगारांच्या लेबर कार्डाचे अर्ज भरणं अशी कामं. लोक येतात लेबर कार्डासाठी, पण काम झाल्यावर उठता उठता हळूच विचारतात, "ताई, एका ठिकाणी पगार अडकलाय, त्याचं काय ऑनलाइन होतंय काय?" किती म्हणून विचारलं तर कोण वीस हजार सांगतो, कोण साठ. आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणतात, "जाऊ दे, बुडाले म्हणायचं."

मला ह्या "बुडाले म्हणायचं" वरच लिहायचं आहे. आमच्या घरातही हेच म्हटलं गेलं होतं, आणि तेव्हा ते पैसे बुडाले नव्हते, आम्हाला माहिती नव्हती एवढंच.

माझे बाबा गवंडी. पस्तीस वर्षं थापी चालवली. काही वर्षांपूर्वी गोव्यात एका बिल्डिंगच्या कामावर गेले. नेणारा मुकादम आमच्याच बाजूचा, त्याच्या वर पेटी कंत्राटदार, त्याच्या वर मोठा कंत्राटदार आणि सगळ्यात वर बिल्डर, ज्याचं तोंड बाबांनी कधी बघितलं नाही. रोज ८५० ठरलेला. बाबांची एक सवय, शर्टाच्या खिशात लहान वही आणि सेंट्रिंगवाल्यांकडे असते तसली चपटी पेन्सिल. पूर्ण दिवसाला उभी रेघ, स्लॅबच्या रात्रीला गोल आणि गोलाच्या आत किती तास जास्त झाले तो आकडा, मागच्या पानांवर उचल. सिमेंटच्या हाताने पानं उलटून उलटून वहीच्या कडा कडक झालेल्या, काही पानं एकमेकाला चिकटलेली, ती आईने भाजी चिरायच्या सुरीने एकेक करून सोडवली आणि आम्ही दोघींनी रात्री बसून हिशेब मांडला. ६४ दिवस, म्हणजे ५४,४०० रुपये. उचल १८,५००. बाकी राहिले ३५,९००. सहा स्लॅबच्या रात्री मिळून जादा १८ तास, त्याचे पैसे तर कुणी धरलेच नव्हते, त्या रात्री जेवण घातलं की झालं अशी सगळीकडे पद्धत आहे. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर द्यायचा असतो, त्या हिशेबाने आठ तासांचा रोज ८५० धरला तर १८ तासांचे ३,८२५ होतात. सगळे मिळून ३९,७२५.

आईने तो आकडा बघितला आणि काही बोलली नाही, त्या वर्षी माझ्या भावाची कॉलेजची फी भरायला तिने पाटल्या मोडल्या होत्या.

मुकादमाला फोन केला की उत्तर ठरलेलं, "बिल निघालं की देतो." बाबा म्हणायचे, "आपल्यातलाच माणूस हाय, बुडवणार न्हाई, बघू की." पहिलं बिल, दुसरं बिल, मग गणपती, मग शिमगा. शेवटी त्याने फोन उचलायचा सोडला, तेव्हा चौदा महिने झाले होते. मग मी आणि बाबा चोर्ला घाट उतरून गोव्याला गेलो, कामगार खात्याचं ऑफिस शोधलं, तिथे टेबलावरच्या माणसाने वही हातातसुद्धा घेतली नाही, तारीख विचारली आणि सांगितलं की मुदत गेली. परत येताना बाबा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले होते, मला म्हणाले, "आजचा रोज पण गेला बघ."

नंतर मी वाचत गेले, विचारत गेले, आणि एकेक गोष्ट कळत गेली तसं जास्तच वाईट वाटायला लागलं. १९३६ चा वेतन देण्याचा कायदा होता, त्यात दावा करायला १२ महिन्यांची मुदत होती. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यात तर सहाच महिने. म्हणजे आमची मुदत गेली होती हे खरं. पण उशिराचं योग्य कारण दाखवलं तर मुदतीनंतरही अर्ज घ्यायचा अधिकार त्या अधिकाऱ्याला होता, हे आम्हाला त्या टेबलावर कुणी सांगितलं नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात स्पष्ट होतं की कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ज्याचं काम आहे त्या मूळ मालकाने ती द्यायची. आम्ही चौदा महिने मुकादमाच्या फोनमागे पळत होतो आणि आम्हाला वाटत होतं की तो पळाला म्हणजे विषय संपला. बिल्डरच्या ऑफिसची पायरी चढायची हे डोक्यातच आलं नाही, कारण बाबांच्या हिशेबात त्यांचा मालक म्हणजे मुकादम.

आता नियम बदललेत आणि हे आपल्या लोकांना माहीत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली एक वेतन संहिता, २०१९. तिच्यातलं सगळंच चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही, कामगार संघटनांचे ह्या संहितांवर आक्षेप आहेत आणि त्यातले काही मलाही पटतात. पण पगार बुडालेल्या माणसासाठी तिच्यात तीन-चार गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक साइटवर मोठ्याने वाचून दाखवायला पाहिजेत. दावा करायची मुदत आता तीन वर्षं आहे. योग्य कारण असेल तर त्यानंतरही अर्ज घेता येतो. पैसे दिले की नाही दिले यावर वाद झाला तर दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे, कामगारावर नाही. अडवलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत भरपाई द्यायला लावायचा अधिकार दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला आहे, आणि दावा तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असंही लिहिलंय. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर वरच्या मालकाने द्यायचे हेही कायम आहे. जुन्या तारखांचे पैसे अडकले असतील त्यांना कुठला कायदा लागतो ते वकिलाकडून विचारून घ्यावं, पण विचारल्याशिवाय सोडून देऊ नये.

आणि "बिल निघालं की" ह्या उत्तराचं काय? त्याला कायद्यात जागाच नाही. रोजावर असाल तर पाळी संपल्यावर त्याच दिवशी पैसे, आठवड्याचा पगार असेल तर सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, महिन्याचा असेल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. दोन दिवसांत! आमच्याकडे लोक दोन-दोन वर्षं थांबतात. बिल्डरकडून कंत्राटदाराला बिल कधी मिळतं हा त्या दोघांमधला व्यवहार झाला, त्यात गवंड्याच्या घरची चूल का अडकावी हे मला कुणी तरी समजावून सांगावं.

भत्त्यांचीही तीच गोष्ट. दुसऱ्या राज्यात कंत्राटदाराने नेलेल्या कामगारासाठी १९७९ चा कायदा होता, त्यात कामावर घेतानाच महिन्याच्या पगाराच्या निम्मा विस्थापन भत्ता आणि वर गावाहून येण्याजाण्याचा खर्च द्यायचा असं होतं. बाबांनी आयुष्यातली बारा-पंधरा वर्षं गोव्यात काढली, त्यांनी हा शब्दच ऐकला नव्हता, मी वाचून दाखवला तर म्हणाले "हे काय साहेब लोकांचं असंल". नव्या संहितांत विस्थापन भत्ता काढून टाकलाय, फक्त गावी जाऊन यायचं भाडं वर्षातून एकदा द्यायचं ठेवलंय आणि ते पण दहा किंवा त्याहून जास्त परराज्यातले कामगार असतील तिथेच. मला हे चूक वाटतं. आमचं गाव कर्नाटकात, काम गोव्यात नाहीतर महाराष्ट्रात, घाट उतरला की राज्य बदलतं, असल्या माणसांसाठीच तो भत्ता होता. तो कधी मिळाला नाही म्हणून तो काढून टाकायचा, हे कसलं शास्त्र? पण जे भाडं राहिलंय ते तरी मागायला हवं.

आता पुराव्याचं बोलते, कारण सगळे दावे इथेच अडकतात. मालकाने सिद्ध करायचं असलं तरी तुम्ही त्या कामावर होता हे तर तुम्हाला दाखवावं लागणार, आणि मुकादम सरळ म्हणतो की हा माणूस माझ्याकडे नव्हताच. हजेरीचं बुक त्याच्याकडे, सही किंवा अंगठा त्याच्या बुकात, आपल्या हातात काही नाही. म्हणून माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की स्वतःची वही ठेवा, रोजच्या रोज लिहा, एकदम महिन्याचं बसून लिहू नका, आणि साइटचं नाव, बिल्डरच्या बोर्डचा फोटो, मुकादमाचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. हल्ली उचल फोनपेवर येते, ते मेसेज डिलीट करू नका, कारण पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख त्यात आहे, तो तुम्हाला ओळखत नाही असं मग म्हणू शकत नाही. व्हॉट्सअॅपवर "उद्या स्लॅब आहे लवकर या" असा व्हॉइस मेसेज आला असेल तर तोही ठेवा. गेल्या महिन्यात एक पोरगा आला होता, त्याच्याकडे एकही कागद नव्हता पण मोबाइलमध्ये साइटवर काढलेले दोनशे फोटो होते, मागे बिल्डिंग मजल्या-मजल्याने वर जाताना दिसत होती आणि प्रत्येक फोटोवर तारीख. मी त्याला म्हटलं, अरे हाच तुझा पुरावा.

एक अडचण मात्र खरीच अवघड आहे. आपले बरेच लोक रोजावर नाही, फुटावर काम घेतात, प्लास्टर इतके रुपये फूट, फरशी इतके रुपये फूट, चार-पाच जण मिळून. अशा वेळी ऑफिसात म्हणतात की तुम्ही कामगार कुठे, तुम्हीच ठेकेदार. ज्याने पाच पोरांना बरोबर नेलं त्याच्याच गळ्यात पडतं, वरून पैसे नाहीत आणि खालची पोरं त्याच्या दारात. यावर कामगार खात्याने नीट भूमिका घ्यायला पाहिजे, जो स्वतः थापी हातात धरतो त्याला ठेकेदार म्हणून बाहेर काढू नये.

बायकांबद्दल न लिहिता हे पत्र संपवता येणार नाही. माझ्याकडे एक मावशी लेबर कार्ड रिन्यू करायला आल्या होत्या, वीस वर्षं बिगारी काम केलेल्या, डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून मधले केस गेलेले. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, तो कुणी द्यायला तयार नाही, कारण हजेरी बुकात त्यांचं नावच नाही, नवऱ्याच्या नावापुढे दोन हजेऱ्या लावायच्या अशी पद्धत. पगारही नवऱ्याच्या हातात आणि तोही पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी. सारख्या कामाला सारखा पगार हा कायदा १९७६ पासून आहे, वेतन संहितेतही तेच लिहिलंय. पण ज्या बाईचं नावच कुठे लिहिलं नाही तिने दावा कशाच्या जोरावर करायचा? त्या मावशींना मी विचारलं की तुमचा स्वतःचा रोज किती, तर त्यांना सांगता आला नाही. म्हणाल्या, "त्यास्नी म्हाईत."

लेबर कार्डाबद्दल एक गैरसमज आहे तोही इथेच सांगते. लोकांना वाटतं कार्ड आहे म्हणजे पगार अडकला तर बोर्ड देणार. तसं नाही. बांधकामाच्या खर्चावर आपल्या राज्यात एक टक्का सेस घेतला जातो, त्या पैशातून बांधकाम कामगार कल्याण मंडळ चालतं आणि मुलांची शिष्यवृत्ती, लग्नाची मदत, साठीनंतरचं पेन्शन, अपघाताची मदत अशा योजना देतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कार्डवाल्यांच्या खात्यात सरकारने पाच हजार रुपये टाकले होते, त्या पैशांवर आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी दिवस काढलेत, मी बघितलंय. शिष्यवृत्तीत २०२३ साली मोठी कपात केली तेव्हा माझ्या सेंटरवर आया रडल्यात हेही बघितलंय. पण ते सगळं वेगळं आणि तुम्ही घाम गाळून कमावलेला पगार वेगळा. पगाराचा दावा करायला लेबर कार्ड लागत नाही. कार्ड नाही म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवलं तर ते चूक आहे. खेड्यात तर बहुतेक घरं लहान, नव्या संहितांत स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं ५० लाखांपर्यंतचं घर बांधकामाच्या व्याख्येबाहेर ठेवलंय, आधी ही मर्यादा १० लाख होती, त्यामुळे अशा कामावरच्या लोकांना मंडळाच्या योजना मिळणं पुढे अवघड होईल अशी मला भीती वाटते. मजुरी मागायचा हक्क मात्र तिथेही आहे.

भाषेचा प्रश्न येतोच. आमच्याकडे फलक, फॉर्म, मोबाइलवर येणारे मेसेज सगळं कन्नडमध्ये. पन्नाशीच्या पुढच्या, मराठी शाळेत चौथी शिकलेल्या गवंड्याला ते वाचता येत नाही, तो माझ्याकडे येतो, वीस रुपये देतो आणि मी वाचून दाखवते. मला ते वीस रुपये घ्यायला बरं वाटत नाही. हे कन्नडच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या सेंटरवर बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे कामगारही येतात, त्यांचेही पगार गोव्यात अडकलेत आणि तिथे त्यांची हीच गत होते. बेळगावातल्या मोठ्या साइटवर बिहारची, ओडिशाची पोरं आहेत, त्यांना तर मराठीही येत नाही आणि कन्नडही. राज्यघटनेच्या कलम ३५० मध्ये लिहिलंय की आपल्या तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. गोव्यात तर १९८७ च्या राजभाषा कायद्यातच सरकारी कामात मराठीला जागा आहे. तेव्हा मराठीत लिहिलेला अर्ज घेऊन पोच द्यायलाच पाहिजे, इथेही आणि तिथेही. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका, खानापूरच्या काय, कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात कायदेशीर मदतीची समिती असते, बायकांना, दलित-आदिवासींना, कमी उत्पन्नाच्या माणसांना वकील फुकट मिळतो, १५१०० ह्या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात.

पत्र लिहून काय होणार असं बाबा मला म्हणाले. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांची हकीकत मला तेव्हा आठवली. त्यांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती आणि जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून कापून घ्यायचा. एका संघटनेने सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती भगवतींना त्याचं पत्र लिहिलं, कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि निकाल दिला की किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे वेठबिगारी, घटनेच्या कलम २३ चा भंग. एक रुपयासाठी. आमच्या भागात तर अख्खे पगार जातात.

म्हणून कामगार खात्याला माझं मागणं आहे. प्रत्येक साइटच्या गेटवर बिल्डरचं आणि मोठ्या कंत्राटदाराचं नाव, पत्ता, फोन आणि पगाराची तारीख कन्नड, मराठी, हिंदीत लावायला लावा, म्हणजे मुकादम पळाला तरी कुणाकडे जायचं हे कळेल. हजेरीची एक चिठ्ठी दर आठवड्याला कामगाराच्या हातात मिळू दे, बाईची तिच्या स्वतःच्या नावाने. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी इथे महिन्यातून एक रविवार दावे घ्यायला अधिकारी बसू दे, कारण रोजावरचा माणूस मंगळवारी अकरा वाजता बेळगावला आला तर त्याचा तो दिवस जातो. आणि गोव्याच्या खात्याशी बोलून इथे दिलेला अर्ज तिकडे पोचवायची काहीतरी सोय करा, दर तारखेला माणसाने घाट चढउतार करायचा का? बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा आमच्या भागाच्या आमदारांनी, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत, कुठलीही भाषा बोलणारे असोत, बांधकाम कामगारांचे पगाराचे किती दावे आले, किती निकाली निघाले आणि किती पैसे खरंच हातात पडले एवढा प्रश्न विचारावा. ती इमारत २०१२ साली खुली झाली, तिच्या कामावर आमच्या आसपासच्या गावातली माणसं होती.

संपादकसाहेब, जमलं तर हे पत्र ग्रामीण पानावर छापा, कारण ते पान चहाच्या टपरीवर आणि एसटी स्टँडवर वाचलं जातं. यात्रा झाली की लोक परत निघतील, आमच्या गावातलीच नऊ माणसं पुढच्या सोमवारी गोव्याला जाणार आहेत, त्यांच्यासाठी मी दुकानातून नऊ वह्या आणून ठेवल्यात.

आपली नम्र,
एका गवंड्याची मुलगी
ता. खानापूर, जि. बेळगाव